आठ आणे कायद्यात जिवंत, बाजारात नाहीसे : लहान नाण्यांना निरोप कसा द्यावा?

नवी दिल्ली : पन्नास पैशांचे नाणे भारतात आजही कायदेशीर चलन आहे. रिझर्व्ह बँकेने ही बाब वेळोवेळी स्पष्ट केली आहे. तरीही हे नाणे पुढे केल्यास दुकानदार ते बहुधा परत करतो आणि हिशेब आठ आण्यांवर आला की उरलेली रक्कम सोडून दिली जाते किंवा तिच्या बदल्यात एखादी गोळी हातावर ठेवली जाते. कायद्याने जिवंत असलेले नाणे व्यवहारातून नाहीसे झाले, तर त्याला रीतसर निरोप द्यावा काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तो निरोप देताना पडणारा भुर्दंड कोणी सोसावा?

आण्यापासून पैशापर्यंत

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली. तोपर्यंत एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत. नव्या पद्धतीत रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून या भागाला ‘नया पैसा’ म्हटले गेले. जून १९६४ पासून त्यातील ‘नया’ हा शब्द गळाला.

पुढील काळात या नाण्यांच्या धातूतूनच महागाईचा इतिहास वाचता येतो. प्रारंभीचा नया पैसा काशाचा होता. १९६० च्या दशकात तो हलक्या ॲल्युमिनियमचा झाला. रुपयाच्या नाण्यातही पुढे तांबे व निकेलच्या मिश्रधातूची जागा पोलादाने घेतली. नाण्यावरील आकडा कायम राहतो, धातूची किंमत मात्र वाढत जाते. ती नाण्याच्या मूल्यापर्यंत पोहोचू लागली, की टाकसाळीला स्वस्त धातू शोधावा लागतो किंवा नाणे लहान करावे लागते. हे दोन्ही उपाय संपले, की नाणे बंद करणे एवढाच मार्ग उरतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१० मध्ये अधिसूचना काढली आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची सर्व नाणी चलनातून बाद झाली. सव्वा रुपयाची दक्षिणा संकल्पात राहिली. ती नेमकी मोजून देण्यासाठी लागणारी पावली मात्र उरली नाही.

आजचे आठ आणे म्हणजे तेव्हाचे चार आणे

पन्नास पैशांचे आजचे मोल सरकारच्याच एका मोजमापावरून काढता येते. भांडवली नफ्याच्या आकारणीसाठी प्राप्तिकर विभाग दरवर्षी खर्च महागाई निर्देशांक जाहीर करतो. २००१-०२ साठी १०० मानलेला हा निर्देशांक २०११-१२ मध्ये १८४ होता. २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. या हिशेबाने आजच्या पन्नास पैशांची क्रयशक्ती २०११-१२ मधील सुमारे साडेचोवीस पैशांएवढी भरते. म्हणजे ज्या वर्षी पावली निरुपयोगी ठरवून बाद केली गेली, त्या वर्षी तिची जी किंमत होती, तीच आज अधेलीची झाली आहे. शिवाय हा निर्देशांक किरकोळ महागाईतील तीन-चतुर्थांश वाढच विचारात घेतो. प्रत्यक्षातील घसरण याहून अधिक आहे.

तेव्हा, २०११ चा निर्णय योग्य मानला तर पन्नास पैशांचे नाणे ठेवण्यास आर्थिक आधार फारसा उरत नाही.

नाणे पाडण्याचा खर्च

माहिती अधिकारात २०१८ मध्ये उघड झालेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडण्यास सरासरी १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. दोन रुपयांच्या नाण्यास १ रुपया २८ पैसे, पाच रुपयांच्या नाण्यास ३ रुपये ६९ पैसे आणि दहा रुपयांच्या नाण्यास ५ रुपये ५४ पैसे लागत होते.

यावरून रुपयाचे नाणे तोट्याचे आहे, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. नाणे एकदाच वापरून संपत नाही. वर्षानुवर्षे ते हजारो हातांतून फिरते. खर्च वाया जातो तो नाणे फिरायचे थांबून डब्यात किंवा खणात पडून राहते तेव्हा. कारण बाजारातील टंचाई भरून काढण्यासाठी टाकसाळीला पुन्हा नवी नाणी पाडावी लागतात. भारतात रिझर्व्ह बँकेकडे नाण्यांचा साठा पुरेसा असतानाही दुकानांत सुट्या पैशांची चणचण भासते, ती यामुळेच. या अडचणीवर उपाय म्हणून बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये क्यूआर संकेतावर चालणाऱ्या नाणेयंत्रांचा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला होता.

कॅनडाने केले, अमेरिकेने टाळले

कॅनडाने एक सेंटचे अखेरचे नाणे मे २०१२ मध्ये पाडले आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वितरण थांबवले. नाणे बंद करतानाच तेथे पूर्णांकनाची रीत ठरवून दिली गेली. रोख देयकाची एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणायची. एक-दोन सेंट जास्त असतील तर ते सोडायचे, तीन-चार असतील तर पाच धरायचे. कार्डाने देय रक्कम मात्र सेंटपर्यंत अचूक घ्यायची. पूर्णांकन प्रत्येक वस्तूवर नव्हे, तर सर्व करांसह आलेल्या एकूण बिलावर करावे, हेही स्पष्ट होते.

अमेरिकेत १७९३ पासून चलनात असलेला एक सेंट पाडण्यास २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट खर्च आला. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादन थांबवण्याचे निर्देश दिले आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचे अखेरचे नाणे पडले. मात्र पूर्णांकनाचा राष्ट्रीय नियम त्याआधी झाला नाही. सुटे संपताच कोणी ग्राहकाच्या बाजूने रक्कम कमी केली, कोणी नेमके पैसे आणण्याची विनंती केली. राज्याराज्यांतील कायद्यांमुळे व्यापारी संभ्रमात पडले.

भुर्दंड रोख देणाऱ्यावर

भारतातही उणीव येथेच आहे. वस्तू व सेवा कर कायद्यातील कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणली जाते. परंतु दुकानातील रोख बिलाचे पूर्णांकन कसे करावे, याचा सर्वसाधारण नियम नाही. छापील कमाल किमतीहून अधिक रक्कम घेण्यास तर कायद्याने मनाई आहे. परिणामी पन्नास पैसे कोणाच्या पदरी पडावेत, हे गल्ल्यामागे बसलेल्या व्यक्तीच्या मर्जीवर ठरते.

ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. यूपीआयवरून पैसे देणारा ग्राहक पैशापर्यंत अचूक रक्कम देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये या माध्यमातून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. दूध, भाजी, बसभाडे यांवर रोज थोडी थोडी रोकड मोजणाऱ्याचे मात्र दरवेळी काही पैसे सुटतात. ही रोकड संपत चालली आहे, असेही नाही. २०१६ च्या नोटाबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन व्यवहारात होते. मार्च २०२५ मध्ये केवळ नोटांचेच मूल्य ३६ लाख कोटींच्या पुढे गेले होते.

पन्नास पैशांचे नाणे आज ना उद्या जाईल आणि महागाईचा वेग पाहता पुढे रुपयाच्या नाण्यावरही हीच वेळ येईल. नाण्याला निरोप देण्याची अधिसूचना एका ओळीची असते. तिच्या आधी पूर्णांकनाचा नियम आला, तर बंद होते केवळ नाणे. तो आला नाही, तर नाण्याबरोबर ग्राहकाचा नेमके सुटे पैसे परत मागण्याचा हक्कही जातो.