'ओल्ड नंबर वन' : विक्रीस निघालेल्या एका मोटारीची ओळख

जुनी वस्तु विक्रीस आली म्हणजे ती खरी कीं बनावट, हा प्रश्न संग्राहकापुढें प्रथम उभा राहतो. पोथीच्या बाबतींत आपण कागद, शाई, अक्षराचें वळण व पुष्पिका पाहून निर्णय करितों. परंतु जिचे भाग वापरानें झिजतात व बदलावेच लागतात, अशा वस्तूचा निर्णय कसा करावा? याच प्रश्नावर लंडनच्या हायकोर्टांत इ. स. १९९० मध्यें एका मोटारीसंबंधानें निकाल झाला. तो आमच्या वाचकांसही उपयोगी वाटल्यावरून त्याचें सार येथें देतों.

ही गाडी बेंटले कंपनीची, 'स्पीड सिक्स' जातीची. यंत्र सुमारें साडेसहा लिटर मापाचें. फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिनें लागोपाठ दोनदां जिंकली. १९२९ सालीं बार्नाटो व बर्किन यांच्या हातीं, १९३० सालीं बार्नाटो व किड्स्टन यांच्या हातीं. तेव्हां तिचा साज, म्हणजे बैठका, दारें इत्यादि वरची बांधणी, उघड्या प्रवासी गाडीचा होता. पुढें १९३२ सालीं ब्रुकलंड्स येथील शर्यतींत, आठ लिटरचें निराळें यंत्र बसविलेलें असतां, ती वळणाच्या उंच कडेवरून बाहेर गेली व चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यु पावला. नंतर ती पुन्हा बांधली गेली व तिजवर बंद साज चढला. कालांतरानें तो जाऊन पुन्हा उघडा आला.

ही गाडी एक कोटि पौंडांस विकण्याचा करार झाला. पण शर्यती जिंकणारी ती गाडी ही नव्हे, असें म्हणून घेणारी कंपनी मागें सरली. विकणारानें दावा लाविला. १९२९-३० सालचे भाग तींत फारच थोडे उरले होते, हें उघड होतें. न्यायमूर्ति ऑटन यांनीं शब्दांचा भेद काटेकोरपणें केला. जशीच्या तशी राहिलेली या अर्थानें हिला 'मूळ' म्हणतां येत नाहीं. तथापि नवे भाग हळूहळू, दीर्घकाळ व एकाच गाडींत मिसळत गेले. मध्यंतरीं तिची ओळख कोठेंही तुटली नाहीं. म्हणून ती खरी 'ओल्ड नंबर वन'च होय, असा निकाल त्यांनीं दिला.

या निकालाचा आधार अखंड परंपरा हा आहे, हें ध्यानांत ठेवावें. बेंटले कंपनी नुसता सांगाडा व यंत्र विकी. साज दुसरे कारागीर करीत. त्यामुळें मूळचा बंद साज काढून, अधिक किंमत येते म्हणून, मागाहून उघडा चढविलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. एका गाडीचा सांगाडा एकाकडे व यंत्र दुसऱ्याकडे गेल्यास दोघेही तेंच नांव सांगूं शकतात. एका पोथीचीं पानें दोन दप्तरांत वांटलीं जावीं व पुष्पिकेवर दोघांनींही हक्क सांगावा, तसाच हा प्रकार. अशा वेळीं सांगाड्याचा व यंत्राचा क्रमांक, कारखान्याच्या नोंदी, मालकांची सनवार यादी व जुनीं छायाचित्रें परस्परांशीं ताडून पाहणें हाच मार्ग.

आमच्या मतें हाच नियम जीर्ण पोथ्यांसही लागू करावा. नवें पान जोडल्यास तें नवें असल्याची नोंद तारखेसह ठेवावी. काढलेला तुकडा टाकूं नये. आणि विक्रीच्या वेळीं ही नोंद घेणारास दाखवावी. नोंद असलेली दुरुस्ती वस्तूच्या इतिहासांत जमा होते. लपविलेली दुरुस्ती पुढच्या अभ्यासकास फसविते.