न दिसणाऱ्या रुग्णांची मोजदाद

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. एच१एन१ या नव्या इन्फ्लुएंझा विषाणूने, म्हणजे लोकांच्या भाषेत स्वाइन फ्लूने, भारतात घेतलेला हा पहिला बळी. पाठोपाठ शहरातल्या शाळा काही दिवस बंद राहिल्या. नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. तोंडाला रुमाल बांधून फिरण्याची सवय पुण्यातल्या दुचाकीस्वारांना होतीच, आता पायी चालणारेही बांधू लागले. सर्वांचा प्रश्न एकच होता : हा रोग कितपत घातक आहे?

या प्रश्नाचे उत्तर एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी मृत्यू, छेदस्थानी लागण झालेल्यांची संख्या. अंश रोज वर्तमानपत्रात छापून येत होता, छेद मात्र कोणालाच माहीत नव्हता. समजा, नोंद झालेल्या १०० रुग्णांपैकी १० दगावले. ऐकूनच धडकी भरते. पण लागण प्रत्यक्षात १०,००० जणांना झालेली असेल, तर तोच रोग हजारात एकाचा बळी घेणारा ठरतो. शाळा बंद ठेवाव्यात का, लस किती मागवावी, खाटा किती लागतील, हे सारे या छेदावर अवलंबून असते.

छेद सापडत नाही याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. पुण्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. हिवाळ्यात त्याची दुसरी, बहुधा लहान लाट येते. आता हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या एकाच कचेरीतले चौघे डोळ्यांसमोर आणा. चौघांनाही ऑगस्टमध्ये लागण झाली आहे. पहिल्याला साधी शिंकही येत नाही. दुसऱ्याच्या अंगात कणकण आहे, तो पॅरासिटामॉल घेऊन घरूनच काम करतो. तिसरा डॉक्टरकडे जातो. डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणून औषध देतात, घशातला स्राव तपासायला पाठवत नाहीत. यात त्यांचे काही चुकत नाही, कारण बहुतेक रुग्णांच्या उपचारात त्या तपासणीने फरक पडत नाही. चौथ्याला धाप लागते, तो रुग्णालयात दाखल होतो आणि त्याची तपासणी होते. सरकारी आकड्यात येतो तो हा एकटा.

मग उलट्या दिशेने गुणाकार करत जायचे. समजा, एका दवाखान्यात हंगामभरात ४० जणांच्या तपासणीत विषाणू सापडला. फ्लूची लक्षणे असलेल्या निम्म्याच रुग्णांचे नमुने घेतले होते, म्हणून ८०. तपासणी १०० पैकी ८० बाधित ओळखते, म्हणून १००. परिसरातल्या पाच आजाऱ्यांपैकी एकच या दवाखान्यात येतो, म्हणून ५००. बाधितांपैकी निम्म्यांनाच लक्षणे दिसतात, म्हणून १०००. चाळीसाचे हजार झाले!

विद्यार्थी इथे शंका घेतील, आणि घ्यावीच. ‘पाचातला एक’ हे आपल्याला कोणी सांगितले? तो दहातला एक असेल तर उत्तर थेट दुप्पट होते. म्हणून अशा अंदाजात एक आकडा न देता पल्ला द्यावा लागतो. पल्ला न सांगता छापलेल्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

हा ‘पाचातला एक’ शोधायला घरोघरी जाण्यावाचून इलाज नाही. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक परिसरात के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने ते केले. डॉ. बानू कोयाजी यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण आरोग्यकार्याचा हा भाग. तिथल्या गावांतील माणसांची, जन्ममृत्यूंची आणि स्थलांतराची नोंद नियमित ठेवली जाते, त्यामुळे एकूण लोकसंख्या पक्की ठाऊक असते. श्वसनाच्या आजाराने दाखल झालेले लोक कोणत्या रुग्णालयात गेले होते, हे घरी विचारून रुग्णालयातल्या आकड्यांत दुरुस्ती करता येते.

दुसरी वाट रक्तातून जाते. विषाणू आठवड्याभरात शरीरातून निघून जातो, पण त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे महिनोन् महिने टिकतात. विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो, असे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखवले. रक्तद्रवात प्रतिपिंडे असतील तर हे चिकटणे थांबते. रक्तद्रव ४० पट विरळ करूनही ते थांबत असेल, तर त्या व्यक्तीला पूर्वी लागण झाली असावी असे सर्वसाधारणपणे धरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २००९ च्या साथीत शहरात असे सर्वेक्षण केले. सर्वसाधारण लोकांपेक्षा शाळकरी मुलांत प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त आढळले.

ही शितावरून भाताची परीक्षा. पण शितेही फसवतात. समजा, चाचणी १०० बाधितांपैकी ८० ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून बाधित ठरवते. १००० जणांत खरे बाधित ४० असतील, तर त्यांतले ३२ आणि उरलेल्या ९६० पैकी ४८, असे एकूण ८० जण ‘बाधित’ दिसतील. म्हणजे खऱ्याच्या दुप्पट! हे गणित दहावीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडून पाहावे.

इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात घराघरांतून रक्त तपासून, आठवड्याला विचारपूस करून असा अभ्यास झाला. लस न घेतलेल्यांपैकी सरासरी १८ टक्के लोकांना दर हिवाळ्यात लागण होत होती, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना एकतर लक्षणेच नव्हती किंवा ती अगदी सौम्य होती. मृत्यूंची मोजणीही अशीच अपुरी असते. २००९ च्या साथीत जगभर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू सुमारे १८,५०० होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज मात्र २,८४,००० च्या आसपासचा, आणि त्याचा पल्ला दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंतचा आहे.

हिंजवडीसाठी असा अंदाज काढायचा तर आणखी एक पेच येतो. इथे दिवसा काम करणारे लाखो लोक रात्री वाकड, बाणेर, हडपसरला असतात. लागण कचेरीत किंवा बसमध्ये झाली, तरी प्रयोगशाळेच्या कागदावर पत्ता घराचा लागतो. शाळेचे तसे नाही. हजेरीपटावर छेद आयताच लिहिलेला असतो. जुलै ते सप्टेंबरच्या गैरहजेऱ्या चारपाच वर्षांच्या पटांवरून आठवडावार मांडून पाहा. गणपतीची सुट्टी, भातलावणी आणि डेंग्यू त्यातून वेगळे कसे काढायचे, यावर मात्र मुलांशी बराच वाद घालावा लागेल.