गॅसच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळा



प्रेसमड आणि स्पेंटवॉश यांपासून गॅस निघतो, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. २०१८ साली केंद्राची ‘सतत’ योजना आल्यापासून या गॅसची चर्चा गावोगाव होऊ लागली. पण गॅस तयार झाला म्हणजे निम्मेच काम झाले. तो इंजिनात पुरता जळतो का, हे व्हॉल्व्हच्या उघडझापीवर बरेच अवलंबून असते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

गॅसचे इंजिन तसे जुनेच. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली बनवलेले चार स्ट्रोकचे इंजिन गॅसवरच चालत असे.

जळका धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच नवा माल आत घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागतो. क्षणभर दोन्ही उघडे राहतात. दारे मोडताना पाणी थोडा वेळ दोन्ही वाफ्यांत जाते ना, तसेच हे. डिझेल इंजिनात त्या वेळी नुसती हवा आत येते, ती निसटली तरी तेल वाया जात नाही. गॅसच्या बहुतेक इंजिनांत मात्र हवेत मिसळलेला गॅस आत येतो, आणि त्यातला काही न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. म्हणजे पैसा गेलाच, शिवाय मिथेन हवेत गेला. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून डिझेलचे इंजिन गॅसवर बदलून घेताना कॅमशाफ्ट गॅसला योग्य आहे का, हे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट, आत घेणारा व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ. राल्फ मिलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तो नेहमीपेक्षा लवकर किंवा उशिरा बंद करतात. त्यामुळे दाब कमी बसतो, पण स्फोटानंतरचे प्रसरण पुरते मिळते. ज्वलनाचे तापमान उतरते, नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात आणि इंजिन ठोकत नाही. मात्र माल कमी भरल्याने ताकद घटते, ती टर्बोचार्जरने भरून काढावी लागते.

हे सारे कंपनीने ठरवायचे. आपल्या हाती आहे ते टॅपेट सेटिंग. गॅस कोरडा असतो, त्यात डिझेलसारखे वंगण नसते. त्यामुळे व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. मग व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा मिटतो. फट अगदीच संपली तर तो बसतच नाही. कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्ह जळतो.

म्हणून पुस्तकात दिलेल्या तासांनी, इंजिन थंड की गरम हे पाहून, फिलर गेजने फट तपासून घ्या. अंदाजाने स्क्रू फिरवू नका. स्पार्कची वेळ वेगळी आणि व्हॉल्व्हची वेगळी, मिस्त्रीला दोन्ही निरनिराळ्या तपासायला सांगा. आपल्याच उसाच्या गॅसची पै न् पै इंजिनातच जळू द्या.