रिकामा वेळ आणि खचलेले मन

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्यापासून जवळच असलेल्या मारिएनथाल या सुमारे १,५०० वस्तीच्या खेड्यातील कापडगिरणी १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ साऱ्या गावाचा रोजगार बुडाला, तेव्हा मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तेथील जीवनाचा जो तपशील बारकाईने नोंदविला व १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तो आजही वाचणाऱ्यास अंतर्मुख करतो. फुरसत मिळताच माणसे वाचू लागतील, असा आपला समज. परंतु वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली, आणि रस्त्याने जाणाऱ्यांची चाल घड्याळ लावून मोजली, तेव्हा पुरुषांची चाल मंदावलेली व वारंवार थबकणारी आढळली. स्त्रिया मात्र झपझप चालत होत्या, कारण चूल, मुले आणि धुणी यांपासून त्यांची सुटका कोठली!

याहोदाबाईंनी पुढे केलेली मीमांसा मला सर्वाधिक मोलाची वाटते : वेतनाखेरीज काम माणसाला दिवसाची आखणी, घराबाहेरचा सहवास, सामुदायिक उद्दिष्ट, दर्जा आणि नित्याची कृतिशीलता देत असते, हा आधार सुटला की मनही खचते. १९८२च्या गिरणी-संपानंतर बेकारी पाहिलेल्या मुंबईच्या गिरणगावातील घरांना हे निराळे सांगावयास नको. तेव्हा शेजारी कोणी बेकार तरुण असेल, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी ठरावीक वेळेचे, चार माणसांतले एखादे काम त्याच्या हाती द्यावे, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.