व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना
लग्ना-मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट अजून अनेक कपाटांत पडून आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून मी सांगतो, चालता व्हीसीआर हाताशी आहे तोवर हे काम उरका.

आधी फीत पाहा. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मी आधीच तोडतो. मग चुकून तिच्यावर दुसरे रेकॉर्डिंग होत नाही.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या ‘आउट’मधून वायरी डीव्हीडी रेकॉर्डरच्या ‘इन’मध्ये लावा. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. रेकॉर्डर नसेल तर याच वायरी यूएसबी कॅप्चर उपकरणाला जोडून संगणकावर घेता येते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र बहुधा ‘एनटीएससी’ असते, आपली ‘पाल’. ती चालवणारा व्हीसीआर लागतो.

इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करा, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर ती बहुधा चालणार नाही. डिस्कही कायमची नव्हे. आणखी एक प्रत संगणकावर ठेवा.

आजोबांचा फोटो भिंतीवर असतो. त्यांचा आवाज कदाचित या फितीतच उरला असेल.