मधुमेह्यांनी मूत्रपिंडे कशी जपावीत ?

शेतात राबणाऱ्या माणसाला मधुमेह होत नाही, अशी समजूत परभणी जिल्ह्यातही एके काळी सार्वत्रिक होती. ती आता टिकणारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शहरांत प्रमाण अधिक असले, तरी खेडीही त्यातून सुटलेली नाहीत. या रोगाचे डोळ्यांवर व पायांवर होणारे परिणाम बहुतेकांच्या कानांवर असतात. मूत्रपिंडांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. याचे कारण साधे आहे. मधुमेहाने झिजणारे मूत्रपिंड दुखत नाही.

मुठीएवढ्या या अवयवात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातील साखर व रक्तदाब वर्षानुवर्षे चढे राहिले, म्हणजे या गाळण्यांची जाळी सैल होते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. पुढे गाळण्या एकेक करून निकामी होतात. पायांवर सूज, मंदावलेली भूक, धाप ही लक्षणे दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी शक्ती खर्ची पडलेली असते.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. इन्सुलिनचा व मधुमेहाच्या काही गोळ्यांचा निचरा मूत्रपिंडांतून होतो. मूत्रपिंडे थकली, की हा निचरा मंदावतो आणि त्याच मात्रेत साखर पूर्वीपेक्षा खाली येऊ लागते. रुग्णाला वाटते, रोग हटला. घरचे समाधान मानतात आणि अशा वेळी श्रेय बहुधा कोणाच्या तरी काढ्याला मिळते ! वस्तुतः कारणाशिवाय उतरलेली साखर ही धोक्याची सूचना असू शकते. अशा रुग्णाने औषध स्वतःच बंद न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

निदानासाठी दोन तपासण्या पुरेशा होतात. पहिली, लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांच्या प्रमाणाची. हे प्रमाण ३० च्या वर गेले, तर बिघाडाचा संशय घ्यावा व तपासणी पुन्हा करून खात्री करावी. लघवीत बुडवावयाच्या नेहमीच्या पट्टीवर ही सुरुवातीची गळती बहुधा दिसत नाही. दुसरी तपासणी रक्तातील क्रिएटिनीनची. तीवरून मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग काढतात. तो ३ महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे असे मानले जाते. वृद्ध, हडकुळ्या मजुराच्या अंगावर मांस कमी असल्याने त्याचे क्रिएटिनीन फसवे कमी दिसते. म्हणून केवळ त्या आकड्यावर न थांबता वेग किती, हे विचारावे. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात या तपासण्या रोग कळताच व पुढे दरवर्षी करावयाच्या असतात.

उपचारांच्या बाबतीत आजचा रुग्ण मागच्या पिढीपेक्षा सुदैवी म्हटला पाहिजे. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे लघवीतील प्रथिन कमी होते व मूत्रपिंडांची हानी मंदावते, हे २००१ च्या सुमारास सिद्ध झाले. २०१९-२० मध्ये ग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्यांचाही असाच गुण दिसून आला. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे एकस्व भारतात संपले आणि तिची किंमत बरीच उतरली. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जुलाब-उलट्या होत असताना त्यांपैकी काही तात्पुरती थांबवावी लागतात. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवणे हे साखरेइतकेच महत्त्वाचे आहे. त्यासाठी दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढेच असावे. ज्वारीच्या भाकरीला दोष नाही. तिच्याबरोबरचा ठेचा, लोणचे व पापड यांचा हिशेब ठेवावा.

सुगीत अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या रोज घेण्याची सवय या रुग्णांना फार महागात पडते. उन्हाने अंगातील पाणी आटलेले असताना तर त्या अधिकच घातक ठरतात.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर उरते ते डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. डायलिसिस साधारणतः आठवड्यातून २ ते ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास करावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश असल्याने खर्चाचा मोठा भार हलका होतो. परंतु गंगाखेड किंवा जिंतूरहून परभणीस यावयाचे, तर एका बाजूचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. रुग्णाबरोबर घरातील एक माणूस येतो व त्याचाही रोजगार बुडतो. ही झळ कोणत्याही योजनेत पूर्णपणे भरून निघत नाही.

जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची अडचण निराळी आहे. दिवाळीच्या सुमारास ते कारखान्यांकडे निघतात आणि गावी परततात तो उन्हाळा लागलेला असतो. या काळात तपासणी चुकते, गोळ्या संपतात. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीची नोंद आशा कार्यकर्तीकडे असते. ग्रामपंचायतीने त्या नोंदीवरून स्थलांतर करणाऱ्या मधुमेह्यांची यादी दसऱ्यापूर्वीच करून घ्यावी, त्यांची लघवीची व रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करवावी आणि शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या व तपासणीचे कागद बरोबर देण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना करावी. कागदांवरील मजकूर मजुराला वाचता येत नसेल, तर औषधांच्या वेळा समजावून देण्याचे काम शाळेतील शिक्षकांना सहज करता येईल.