मदार चाकांवर

उन्हाळ्याची सुटी लागली की वसाहतींच्या मोकळ्या जागांतून आणि क्रीडासंकुलांच्या आवारांतून भल्या सकाळी चाकांचा घरघराट ऐकू येऊ लागतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळविली, तर २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार याने चीनमध्ये १००० मीटर शर्यतीत जागतिक विजेतेपद पटकावले. साहजिकच या खेळाकडे अनेक घरांचे लक्ष वळले आहे. मात्र स्केट खरेदी करताना बुटाचे माप आणि रंग जितक्या बारकाईने पाहिले जातात, तितकी चाके पाहिली जात नाहीत. मुलाचा सारा भार पेलतात ती चाकेच.

न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये वळण घेता येणाऱ्या चारचाकी स्केटचे पेटंट घेतले, तेव्हापासून सुमारे शतकभर चाके लाकडाची, धातूची किंवा भाजलेल्या मातीची असत. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेन आले आणि चाक जमीन धरू लागले. चाकावर ‘७८ ए’, ‘८५ ए’, ‘९५ ए’ असे आकडे असतात, ते कठीणपणाचे. आकडा लहान तितके चाक मऊ. खडबडीत सिमेंट वा डांबरी रस्त्यासाठी ७८ ते ८५ चे चाक बरे. ते हादरे गिळते. सफाईदार लाकडी रिंगणात त्याहून कठीण चाक वेग देते. पण गुळगुळीत फरशीवर तेच चाक घसरते. हलक्या वजनाच्या मुलाला थोडे मऊ चाक अधिक पकड देते. चारचाकी स्केटला साधारणतः ५७ ते ६५ मिलिमीटर व्यासाची चाके असतात. एका रांगेतल्या चाकांचा व्यास त्याहून मोठा, शर्यतीसाठी १२५ मिलिमीटरपर्यंतही असतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. चाक जितके मोठे, तितका पाय जमिनीपासून उंच आणि तोल सांभाळणे अवघड.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, म्हणजे आठ चाकांच्या जोडीत सोळा. त्यांचा प्रचलित क्रमांक ‘६०८’ : आतले भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. काही चारचाकी स्केटची आस ७ मिलिमीटरची असते, तिला ‘६२७’ लागते. दुकानात जाताना जुने बेअरिंग खिशात असलेले चांगले. ‘एबेक ५’, ‘एबेक ७’ हे आकडे केवळ घडणीच्या अचूकतेचे आहेत, वेगाचे नव्हेत. धुळीने भरलेल्या महागड्या ‘एबेक ९’ पेक्षा स्वच्छ ‘एबेक ५’ कितीतरी सुरळीत फिरते.

बेअरिंगचे खरे वैरी पाणी आणि धूळ. ओल्या रस्त्यावर स्केटिंग करून आलेले स्केट तसेच पिशवीत कोंबले की काही दिवसांत आतल्या गोळ्यांना गंज चढतो. गंजलेले चाक कधी धावता धावता अडते आणि मूल पुढे तोंडावर आपटते. म्हणून भिजलेली चाके त्याच दिवशी काढून पुसून ठेवावीत. कुरकुर ऐकू आली की घरोघरी खोबरेल तेलाची बाटली पुढे होते. मात्र हे तेल थंडीत गोठते आणि धूळ धरून ठेवते. बेअरिंग उघडता येणारे असेल तर रबरी झाकण सुईने अलगद उचलून साबणाच्या पाण्याने निराळे धुवावे. लोखंडी भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये वा रॉकेलमध्ये बुडवून हलवावा. हे काम शेगडीपासून दूर, उघड्या हवेत करावे. भाग पूर्ण वाळला की शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रणच. झाकण न निघणारे बेअरिंग बाहेरून पुसावे आणि खरखरू लागले की बदलावे.

ढकल पायाच्या आतल्या कडेने बसत असल्याने चाकेही त्याच बाजूने झिजतात. दर काही आठवड्यांनी डाव्या-उजव्या स्केटची चाके अशी अदलाबदल करावीत, की झिजलेली कड बाहेर येईल. चारचाकी स्केटचा नट आवळून पुन्हा किंचित सैल करावा. चाक मोकळे फिरावे, पण डुगडुगू नये. बोटाने फिरवलेले चाक आवाज न करता हळूहळू थांबले, तर मुलाला मैदानात सोडण्यास हरकत नाही.